टीम बिल्डिंगवर सहा लाख खर्च करण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे आणि तिथे तुम्ही चार वर्षं एचआर सांभाळताय. प्रॉडक्शन आणि क्वालिटी या दोन खात्यांत विस्तव जात नाही. एमडी साहेबांनी १४० जणांच्या स्टाफसाठी सहा लाख मंजूर केलेत. कोलाडला दोन दिवस, सकाळी राफ्टिंग, दुपारी ट्रस्ट फॉलसारखे (मागे अंग टाकायचं, सहकाऱ्यांनी झेलायचं) खेळ, संध्याकाळी एका वक्त्याचं ‘स्वतःला बदला’ असं भाषण आणि रात्री निखाऱ्यांवरून चालणं. चांगला ट्रेनर कसा ओळखायचा आणि खर्चाचा उपयोग झाला हे साहेबांना कसं दाखवायचं, हे तुम्हाला हवंय.

मी बावीस वर्षं याच कामात आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी स्वतः असेच कार्यक्रम घेत होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

निखाऱ्यांवरून चालणं आजच रद्द करा. यावर चर्चासुद्धा ठेवू नका. निखारा उष्णता सावकाश सोडतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकतं, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. मनोबलाचा त्यात काही वाटा नाही. पुढचा माणूस थबकला किंवा कुणी बिचकून उभं राहिलं, की पाय भाजतात. २००१ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एका बर्गर कंपनीच्या मार्केटिंग विभागाचे डझनभर लोक असेच भाजले. जून २०२२ मध्ये झुरिक सरोवराच्या काठी एका कंपनीच्या अशाच कार्यक्रमात २५ जण जखमी झाले. तुमच्याकडचा ऑपरेटर आठ तास उभ्याने काम करतो. त्याच्या तळपायाशी खेळण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

आता मुख्य मुद्दा. असल्या कार्यक्रमांनी टीम बनते का?

ही पद्धत आली कुठून ते पाहिलं तर उत्तर बरंचसं तिथेच सापडतं. १९४१ साली, युद्ध चालू असताना, वेल्समधल्या अॅबरडोव्ही गावात शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं की धडधाकट तरुण खलाशी होडीत हाय खाऊन मरतात आणि वयाने मोठे, समुद्र मुरलेले खलाशी तगतात, असं होल्ट यांचं म्हणणं होतं. म्हणून पोरांना महिनाभर समुद्रात आणि डोंगरात राबवायचं. ज्या संकटाला तोंड द्यायचं होतं त्याचाच तो सराव होता. पुढे कंपन्यांनी डोंगर, दोर आणि होडी तेवढी उचलली. महिन्याचे दोन दिवस झाले. आणि आपल्या लोकांना तर होडीत बसायचंच नसतं. त्यांना सोमवारचं डिस्पॅच काढायचं असतं.

ज्या संकटाला तोंड द्यायचं त्याचाच सराव करायचा, हे ज्या क्षेत्राने मनावर घेतलं ते म्हणजे विमानसेवा. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला एक विमान इंधन संपून कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन उतरतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, पण ठासून कुणी बोललं नाही. दहा माणसं गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने बैठक बोलावली आणि १९८१ पासून वैमानिकांना कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं याचं शिक्षण सुरू झालं. आज हा सराव सिम्युलेटरमध्ये बसून होतो, खऱ्या चुकांवर, खऱ्या हुद्द्यांनिशी. धाकट्याने थोरल्याला वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि थोरल्याने ते ऐकायचं. तुमच्या इन्स्पेक्टरची आणि प्रॉडक्शनच्या सुपरवायझरची अडचण नेमकी हीच असण्याचा संभव मला मोठा वाटतो.

संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. टीम बिल्डिंगवरचे अनेक अभ्यास एकत्र करून १९९९ साली एक पडताळणी झाली. कामगिरीवर एकूण परिणाम फारसा दिसला नाही, मात्र कुणाचं काम काय हे स्पष्ट करणाऱ्या कार्यक्रमांचा दिसला. २००९ च्या पडताळणीचा निष्कर्ष थोडा आशादायक होता, पण त्यातही सर्वांत सरस ठरल्या त्या दोनच गोष्टी: मिळून उद्दिष्ट ठरवणं आणि कामाच्या हद्दी स्पष्ट करणं. या दोन्हींना ना नदी लागते ना दोर.

माझा डोळा मात्र संशोधन वाचून उघडला नाही. तो उघडला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात. तिथल्या प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सच्या चाळीस लोकांना मी मुळशीला दोन दिवस नेलं होतं. सगळं छान झालं. शेवटच्या रात्री माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, दोघं-तिघं रडले, फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मी खूश होऊन घरी गेलो. सहा आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या कारखान्यात गेलो, तर प्रेससमोर तीच दोन माणसं एकमेकांच्या आईबापावर आलेली. मी दिवसभर तिथेच थांबलो आणि कारण विचारत राहिलो. कारण अगदी साधं निघालं. प्रेस बंद पडली की प्रॉडक्शनवाले मशीन थांबल्याच्या मिनिटापासून वेळ धरायचे. मेंटेनन्सवाले चिठ्ठी हातात पडल्यापासून. दोन रजिस्टरं होती, दोन्हींचे आकडे वेगळे, आणि दोन्ही खात्यांचा इन्सेंटिव्ह आपापल्या आकड्यावर. म्हणजे त्यांनी भांडावं अशी सोय कंपनीनेच करून ठेवली होती, आणि मी त्यांना जंगलात नेऊन मिठ्या मारायला लावत होतो. पुढे एकच रजिस्टर ठेवलं, मशीन थांबल्याची वेळ दोघांनी मिळून लिहायची आणि दोघांनी सही करायची असं ठरलं. दोन महिन्यांत आरडाओरडा निम्म्यावर आला. खर्च झाला एका रजिस्टरचा.

म्हणून ट्रेनर शोधण्याआधी दोन आठवडे स्वतः लाइनवर फिरा. शिफ्ट बदलताना तिथे राहा, कारण सगळ्यात जास्त गोष्टी त्या वीस मिनिटांत हातातून निसटतात. लोकांना एकेकटं गाठून विचारा: गेल्या महिन्यात तुमचं काम कुणामुळे अडलं? त्याला ते ठाऊक आहे का? आणि तुमच्यामुळे कुणाचं अडलं? तिसऱ्या प्रश्नाला माणूस थांबतो. त्याला थांबू द्या, घाई करू नका.

हे प्रश्न कंत्राटी मुलांनाही विचाराच. तुमच्या १४० च्या यादीत ती आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नसतील. अनुभव असा की लाइनवर पार्ट हाताळणारे अर्धेअधिक हात कंत्राटी असतात, आणि बस मात्र पर्मनंट लोकांना घेऊन निघते. मागे राहिलेला मुलगा गेटवरून ती बस बघतो. त्या दोन दिवसांत लाइन चालती ठेवतो तोच. टीम बांधायच्या नावाखाली आपण त्याला ‘तू टीममध्ये नाहीस’ असं सांगत असतो, आणि हे मला आजही फार लागतं. सगळ्यांना नेणं जमत नसेल तर कुणालाच नेऊ नका, त्या पैशात कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चांगलं जेवण द्या.

प्रॉडक्शन आणि क्वालिटीच्या भांडणात साधारण काय असतं ते सांगतो, तुमच्याकडे पडताळून बघा. पार्ट होल्डवर टाकायचा, म्हणजे शंका आली की अडवून ठेवायचा, अधिकार इन्स्पेक्टरला असतो, पण तो होल्ड काढायचा कुणी हे कागदावर नसतं. महिन्याच्या २८ तारखेला गाडी लावलेली असते, कस्टमरचा फोन येतो आणि कुणीतरी वरून ‘जाऊ दे’ म्हणतं. महिनाभर ज्याला अडवलं त्याच पार्टला त्या दिवशी वाट मिळते. मग इन्स्पेक्टरला वाटतं, आपल्या सहीला किंमत नाही. सुपरवायझरला वाटतं, हे एरवी मुद्दाम अडवतात. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

यावर अर्ध्या दिवसाचं सत्र पुरतं, तुमच्याच ट्रेनिंग रूममध्ये. दोन्ही खात्यांचे आठ-आठ लोक घ्या. टेबलावर गेल्या महिन्यात परत आलेला खरा पार्ट ठेवा, गेज म्हणजे माप तपासायचं साधन ठेवा, अडवलेल्या पार्टवर लावतात तो होल्ड टॅग ठेवा. प्रत्येक खात्याने चार्टवर तीन गोष्टी लिहायच्या: आमचं काम काय, तुम्ही आमच्यासाठी काय केलंत तर आमचं काम सोपं होईल, आणि आम्ही काय करतो ज्याचा तुम्हाला त्रास होत असेल. चार्ट एकमेकांच्या भिंतीवर लावायचे, शांतपणे वाचायचे, मग बोलायचं. शेवटी जास्तीत जास्त चार गोष्टी ठरवायच्या, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. पाचवी आली तर पुढच्या महिन्यात घ्या. त्यानंतर एक शिफ्ट सुपरवायझरने फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर उभं राहायचं, आणि इन्स्पेक्टरने महिनाअखेरचा एक दिवस डिस्पॅचच्या फोनजवळ बसायचं. माणसं एकमेकांच्या जागी उभी राहिली की आवाज आपोआप खाली येतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

माझ्या पाहण्यातली सर्वांत चांगली टीम कुठल्या रिसॉर्टवर बनली नाही. वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरच्या जुड्या बनवणाऱ्या, एका कारखान्यात सहा बायकांचं क्वालिटी सर्कल होतं, म्हणजे आपल्याच कामातल्या अडचणी मिळून सोडवणारा छोटा गट. वायरच्या जुडीवर प्लास्टिकच्या क्लिपा अंगठ्याने दाबून बसवायच्या, दिवसभरात शेकडो. अंगठे सुजायचे, शिफ्टच्या शेवटी क्लिप अर्धवट बसायची आणि पार्ट परत यायचा. रिजेक्शनचा ठपका त्यांच्यावर, आणि दुखणंही त्यांचंच. त्यांनी आठवडाभर दर तासाला किती क्लिपा सैल राहतात ते मोजलं. दुपारनंतर आकडा कसा चढतो ते आलेखावर काढलं. मग टूल रूममधल्या एका फिटरला गाठून हाताच्या दाबाने चालणारा छोटा फिक्श्चर, म्हणजे क्लिप बसवायचा साचा, करून घेतला. प्लांट हेडसमोर मांडणी करायची वेळ आली, तेव्हा जिने कधी माइक धरला नव्हता ती बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. तिसऱ्या मिनिटाला ती प्लांट हेडना म्हणाली, ‘साहेब, एकदा तुम्ही स्वतः दाबून बघा.’ त्यांनी दाबून बघितलं. त्या सहा जणींना नंतर कुणी आत्मविश्वासाचं व्याख्यान दिलं नाही, गरजच उरली नव्हती.

क्वालिटी सर्कल ही जपानमध्ये १९६२ साली काओरु इशिकावा यांच्या पुढाकाराने रुजलेली पद्धत. आपल्याकडे १९८० च्या सुमारास हैदराबादला ‘भेल’ या सरकारी कंपनीत ती सुरू झाली. पुढे अनेक कारखान्यांत ती स्पर्धेच्या स्लाइड बनवण्यापुरती उरली, याचं मला वाईट वाटतं. तुमच्याकडे जुनी फाइल कपाटात पडली असेल तर ती बाहेर काढा.

संध्याकाळच्या भाषणाबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण हाताळायचं प्रशिक्षण, माइंडफुलनेसचे वर्ग, वेलनेस अॅप यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फायद्याचा फरक दिसला नाही. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाचा. मला यात नवल वाटत नाही. डबल शिफ्ट करून आलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगण्यापेक्षा त्याची दुसरी शिफ्ट कमी करणं हे आपलं काम आहे. स्वतःत सुधारणा हवी असते, पण माणसाला ती कौशल्याच्या रूपाने हवी असते: ड्रॉइंग वाचता येणं, सीएनसीचा ऑफसेट देता येणं, एक्सेल, चार लोकांपुढे बोलणं, आयटीआयनंतर डिप्लोमा. वक्त्याच्या मानधनात दहा मुलांची डिप्लोमाची फी निघत असेल तर ती आधी भरा. चार अक्षरांत माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या करायच्या असतील तर गप्पांपुरत्या करा. त्यावरून कुणाची बदली किंवा बढती ठरवू नका, तीच चाचणी महिन्याभराने दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात.

तरीही साहेबांना कोलाड हवंच असेल, तर जा. सहल म्हणून जा, आनंदाने जा. माणसं एका पंगतीला जेवली, गाणी म्हटली, एकमेकांच्या मुलांची नावं कळली, याला किंमत आहे. फक्त तिला प्रशिक्षण म्हणू नका. कोलाडचं, कुंडलिका नदीतलं राफ्टिंग वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर चालतं आणि पाणी सकाळी येतं, त्यामुळे चाकणहून पहाटे निघावं लागेल. रात्रपाळी करून आलेल्याला त्या बसमध्ये बसवू नका. साप्ताहिक सुटीचा दिवस खाऊ नका. पाण्यात उतरणं ऐच्छिक ठेवा आणि ‘का नाही’ हा प्रश्न कुणालाही विचारला जाणार नाही, असं आधीच सगळ्यांसमोर सांगा. कुणाला हृदयाचा त्रास असतो, कुणी गरोदर असते आणि अजून ऑफिसात सांगितलेलं नसतं. ट्रस्ट फॉल पूर्ण वगळा. पाठी दुखावतात, आणि सहकाऱ्यांच्या हातांवर अंग टाकायला कुठल्याही बाईला भाग पाडणं चूक आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार कामानिमित्त गेलेलं ठिकाण आणि कंपनीची बस, दोन्ही कामाच्या जागेतच येतात. या कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या एक ताई सोबत असू द्या, दारू ठेवू नका, आणि परतताना प्रत्येकीला घरापर्यंत सोडायची सोय आधी लावा. तारीख ठरवताना श्रावण, एकादशी, रमजान बघा.

आता ट्रेनरची निवड. त्याचे फोटो आणि क्लायंटची यादी बाजूला ठेवा. त्याला विचारा, कार्यक्रमाआधी दोन दिवस शॉप फ्लोअरवर येणार का? तीन महिन्यांनी परत येणार का? मराठीत आणि हिंदीत बोलणार का, की इंग्रजी स्लाइड दाखवणार? तुमच्या लाइनवर बीडचा मुलगा असेल तसाच बिहारचाही असेल, आणि भाषा न कळलेला माणूस दोन दिवस नुसता हसत बसतो. शेवटी विचारा, एखाद्या कंपनीला तुम्ही ‘हा कार्यक्रम नको’ असं कधी सांगितलंय का? याचं उत्तर देताना तो काय सांगतो ते लक्ष देऊन ऐका.

एक अट मात्र माझ्याकडून उसनी घ्या. पंधरा वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात ‘मनमोकळं बोला’ म्हणून सत्र घेतलं. एका वेल्डरने ओव्हरटाइमच्या नोंदीत घोळ होतो असं सरळ सांगितलं. दोन महिन्यांनी कळलं की त्याचा ओव्हरटाइमच बंद झाला होता. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तोंड उघडलं होतं. मी जाऊन त्याची माफी मागितली, व्यवस्थापनाशी भांडलो, पण त्याच्या घरातले गेलेले पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून सत्रात बोललेलं कुणाच्याही नावानिशी वर जाणार नाही आणि त्यावरून कुणावर कारवाई होणार नाही, असं मी साहेबांकडून लेखी घेतो. ते सही करत नसतील तर सत्र घेत नाही. तुम्हीही घेऊ देऊ नका.

साहेबांना उपयोग कसा दाखवायचा? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामाचा निकाल बदलला का. आपले फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतात. तुम्ही शेवटच्या दोन धरा. आजच दोन-तीन आकडे लिहून ठेवा: २४ तासांपेक्षा जास्त होल्डवर राहिलेले पार्ट किती, होल्ड असूनही तोंडी परवानगीने गेलेले किती, शिफ्ट बदलल्यावर पहिल्या तासातलं रिजेक्शन किती. तीन महिन्यांनी तेच पुन्हा मोजा.

यात एक गोष्ट साहेबांना आधीच समजावून ठेवा. टीम सुधारायला लागली की नोंदवलेल्या चुका वाढतात. १९९० च्या दशकात हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं, आकडे उलटे आले. शोध घेतल्यावर दिसलं की चांगल्या गटांत माणसं चूक न घाबरता सांगत होती. तुमच्याकडेही पहिल्या दोन महिन्यांत होल्ड टॅग वाढतील. साहेब तयार नसतील तर नेमक्या त्या वेळी ते चिडतील आणि सगळं जागच्या जागी थांबेल.

पैशांचं मी असं करीन: सव्वा लाखात सगळ्यांची एक दिवसाची जवळची सहल, कंत्राटी मुलांसकट, दोन तुकड्यांत. साधारण लाखभर ट्रेनरचे, त्यात आधीचे दोन दिवस आणि तीन महिन्यांनंतरचा एक धरून. उरलेले पैसे लोकांनी सत्रात मांडलेल्या छोट्या अडचणींसाठी राखून ठेवा: इन्स्पेक्शनच्या टेबलावरचा अपुरा उजेड, झिजलेलं गेज, कमी पडणारी ट्रॉली. त्यातल्या निदान तीन गोष्टी पंधरा दिवसांत झालेल्या दिसल्या पाहिजेत. आणि सत्राला एमडी साहेब येणार असतील तर त्यांना सांगा की सगळ्यांत शेवटी बोला.

येत्या सोमवारी शिफ्ट बदलायच्या पंधरा मिनिटं आधी फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ जाऊन उभ्या राहा, वही आणि पेन घेऊन. जाणारा इन्स्पेक्टर येणाऱ्याला काय सांगतो आणि काय सांगायचं राहतं, तेवढंच लिहा. असे तीन दिवस लिहिलंत की मला पाठवा, ट्रेनर कोणता घ्यायचा ते ती पानं समोर ठेवून ठरवू.